प्रभावतीला कोणी बुडवलं, ऐकलंत का?

अहो, जरा इकडे या ना कुंपणाशी. मोठ्याने बोलायची सोय नाही. दुसऱ्या मजल्यावरची ती खिडकी उघडी आहे, आणि आमच्या सेक्रेटरीबाईंचे कान म्हणजे तुम्हाला माहीतच आहेत. शनिवारी तुम्ही आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमाला आला नाहीत ना? अरेरे! काय मिस केलंत म्हणून सांगू! नेव्ही डेचा कार्यक्रम होता हो, क्लबहाऊसमध्ये. क्लबहाऊस म्हणजे तेच आपलं, टेबलटेनिसचं टेबल भिंतीला लावलं की होतं ते. आणि तिथे जे काही झालं... बोरिवलीत एवढी शांतता लॉकडाऊनमध्येसुद्धा नव्हती.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा जाईल.

नेव्हीकाका ठाऊक आहेत ना, ए विंगचे? चीफ म्हणून रिटायर झाले, अजून लिफ्टमध्येसुद्धा ताठ उभे राहतात. दरवर्षी ते एकाहत्तरची गोष्ट सांगतात. निपात, निर्घात आणि वीर, तीन चिमुकल्या मिसाइल बोटी, लांबचा पल्ला म्हणून दोरखंडाने ओढत नेल्या आणि ४ डिसेंबरच्या रात्री कराचीची दाणादाण उडवली. दरवर्षी तीच गोष्ट, पण सांगतात काय सुरेख! आमचे हे तर त्या ‘निर्घात’ला दरवर्षी न चुकता टाळ्या वाजवतात. तर यंदाही तेच होणार होतं. बटाटेवडे आलेले, चहाचा थर्मास आलेला. आणि एवढ्यात सेक्रेटरीबाई उठल्या. प्रोजेक्टर हवा म्हणाल्या.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांचा लेक लंडनला आहे. कोणाला ठाऊक नाही? वॉचमनला ठाऊक आहे. पण म्हटलं असेल काहीतरी नेव्हीचं. तर पहिला फोटो लेकाचा. काळा गॉगल, मागे टॉवर ब्रिज, नदीत एक भली थोरली राखी रंगाची युद्धनौका. ‘हा सहज हं, जाता जाता,’ असं म्हणाल्या आणि चांगला पाच मिनिटं पडद्यावर ठेवला. हा फोटो लक्षात ठेवा हं. पुढे लागणार आहे.

मग दुसरा फोटो. रॅम्सगेट म्हणून कुठलंसं बंदर आहे, तिथली एक जुनी लाकडी मोटारबोट. सनडाउनर नाव. आणि बाईंनी गोष्ट सांगायला घेतली. खोटं कशाला बोलू, गोष्ट चांगली होती. टायटॅनिक सिनेमा पाहिलात ना? त्या खऱ्या टायटॅनिकवरचा सेकंड ऑफिसर, लाइटोलर, तो वाचला होता. पुढे म्हातारपणी त्याने हौसेने ही बोट ठेवली होती. अठ्ठावन्न फुटी, खासगी. आपल्याकडे लोक संडेला गाडी काढतात ना लोणावळ्याला, तशी. १९४० साली इंग्रजांचं सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर, डंकर्कला अडकलं, आणि सरकारने म्हटलं, खासगी बोटी द्या. लाइटोलर म्हणाला, बोट जाईल तर मीच घेऊन जाईन, दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही. सहासष्ट वर्षांचा होता! थोरला लेक रॉजर बरोबर, आणि एक पोरगा, सी स्काउटमधला. १ जूनला गेला, आणि त्या एवढ्याशा बोटीत एकशे तीस सोल्जर कोंबून परत आणले. वरून विमानं गोळ्या झाडतायत. चुकवायची कशी, ते म्हणे त्याला धाकट्या लेकाने शिकवलं होतं, तो विमानदलात होता. आणि तो धाकटा... युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात गेला हो.

इथे आम्ही सगळ्या जणी जरा गप्प झालो. आईच्या काळजाला लागतंच ना. बाईंचाही आवाज भरून आला, खरोखरीच. तिथेच थांबल्या असत्या तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि वडे गरम खाता आले असते.

पण नाही. पडदा बंद करता करता म्हणाल्या, ‘बघा. साध्या माणसाची बोट, आणि देशाच्या कामी आली. आपल्याकडे नाही बाई असं काही. आपल्याकडे सगळं सरकारने करायचं.’

अहो, आणि तळमजल्याच्या आजी...

तुम्ही पाहिलंय ना त्यांना? हो त्याच, सकाळी जिन्याशी उन्हाला बसतात. मालवणकडच्या. नव्वदीच्या घरात. कार्यक्रमात कधी तोंड उघडत नाहीत, वड्याबरोबरची चटणी तिखट नाही एवढंच काय ते बोलतात. त्या काठी टेकून पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘गो बाये, मगे आमची प्रभावती खय गेली, ता सांग बघू.’

कोणाला काही कळेना. आमच्या खजिनदारांच्या सुनेने मला हळूच विचारलं, ‘प्रभावती कोण? बी विंगमधल्या का?’ मी म्हटलं, गप गं.

आजी म्हणाल्या, ‘बोट गो! आगबोट! सरकारान लढायेक नेल्यानी, आणि इंग्रजानीच बुडवल्यानी. आमचे मामंजी सांगत.’

सेक्रेटरीबाई हसल्या. ते त्यांचं लाडाचं हसू, लहान मुलाला हसतात तसलं. म्हणाल्या, ‘आजी, काहीतरी गडबड होतेय हं. इंग्रजांची बोट इंग्रज कशाला बुडवतील?’ त्यावर ते सी विंगचे, लायब्ररी चालवतात ते, लगेच मध्ये पडले, ‘आजींना रामदास बोट म्हणायची असेल.’ झालं! रामदास म्हटल्यावर सगळ्यांना एकदम सगळं आठवलं. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली, दुसऱ्या दिवशी अमावस्या, गटारीला घरी निघालेली माणसं, काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर गेली. प्रत्येकाच्या घरात रामदासला जाणारा आणि ऐनवेळी चुकलेला एक तरी काका असतोच. आमच्याकडेही आहे. आता एवढे चुकले तर बोटीत बसलं कोण, असं आमचे हे विचारतात, ते सोडा.

आजी चिडल्या. ‘रामदास माका ठावक आसा. मी प्रभावती म्हणतंय.’

आणि मग तुम्ही नेव्हीकाकांचा चेहरा बघायला हवा होता. अहो, तो माणूस एवढा वेळ वड्याच्या प्लेटकडे बघत बसला होता. मला वाटलं, स्वतःचा टाइम खाल्ला म्हणून नाराज आहेत. तसं नव्हतं. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि उभे राहिले. ताठ. म्हणाले, ‘आजी म्हणतात ते खरं आहे.’

तीच ती शांतता. पंख्याचा आवाज येत होता.

तर काय सांगत होते... हां. मग काकांनी सांगितलं. युद्ध सुरू झालं १९३९ साली, तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही केवढी, तर लढाऊ बोटी आठ. आठ! एवढा लांबलचक किनारा, सिलोनपासून इराणपर्यंत ये-जा करणारी जहाजं, आणि बोटी आठ. मग काय करणार? किनाऱ्यावर कंपन्यांच्या आगबोटी होत्या, माणसं आणि माल वाहणाऱ्या, त्याच घेतल्या ताब्यात. राखी रंग फासला, पुढच्या डेकवर तोफ बसवली, मागच्या बाजूला पाणबुडीवर टाकायचे डेप्थ चार्ज. कोणाला सुरुंग काढायला लावलं, कोणाला गस्तीला. नावं मात्र तीच ठेवली. म्हणजे बघा, इंग्लंडच्या राजाच्या नावाने ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ आणि पुढे काय, तर पार्वती! मला तर हसूच आलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वडा तोंडात घातला. कारण ती पार्वती, अहो, तीही गेली. ३० एप्रिल १९४१, तांबड्या समुद्रात, असाबजवळ, सुरुंगावर आदळून. इटालियन लोकांशी लढाई चालली होती ना तिकडे. आता कुठे ती पार्वती आणि कुठे तांबडा समुद्र!

आणि त्याच वर्षी प्रभावती.

काकांना आकडे पाठ आहेत हं. १९३३ साली बांधलेली, साडेपाचशे टनांची. म्हणजे अगदीच चिटुकली. मागे दोन लायटर बांधलेले, ते माल वाहायचे सपाट तराफे असतात ना, ते ओढत कराचीकडे निघाली होती. तारीख ८ डिसेंबर १९४१. आता तारीख बघा. आदल्या दिवशी जपानने पर्ल हार्बर उडवलं. सिंगापूरकडे बॉम्ब पडतायत. सगळ्यांची टाळकी फिरलेली, जो तो समुद्रात जपानी शोधतोय. इंग्रजांची एक मोठी क्रूझर, ग्लासगो, अरबी समुद्रात जपानी पाणबुडी शोधत फिरत होती. रात्रीची वेळ. लांबून दिसलं काहीतरी काळं, पाण्याला चिकटून चाललेलं, मागे काहीतरी बुटकं बुटकं. त्यांना वाटलं, पाणबुडीच वर आलीय. आणि दिल्या तोफा डागून. सहा इंची तोफा, एकदोन नाही, अशा बारा असतात त्या बोटीवर. नऊ हजार टनांच्या वरची ती धूड, आणि समोर आमची साडेपाचशे टनांची प्रभावती.

काय उरणार हो?

आपल्याच किनाऱ्यापुढे. आपल्याच बाजूच्या बोटीने. म्हणजे जपान्यांनी अजून इकडे काही केलंही नव्हतं, आणि आमची प्रभावती गेली ती ‘मित्रा’च्या हातून. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ‘अंधारात चूक होतेच माणसाची.’ होते, नाही कोण म्हणतं? पण त्या ‘आपल्याकडे नाही बाई असं’ म्हणाल्या होत्या ना, ते कोणी विसरलं नव्हतं. सगळ्या जणी छताकडे बघत होत्या. मी बाईंकडे बघत होते, मला नाही आवरत.

आणि अजून पुढे ऐका, खरी गंमत इथे आहे.

काका म्हणाले, ‘मघाचा पहिला फोटो परत लावता का जरा?’ बाईंना वाटलं, लेकाचं कौतुक करायचंय. लगबगीने लावला. तोच, गॉगल, टॉवर ब्रिज. काकांनी पडद्याजवळ जाऊन त्या राखी बोटीवर बोट ठेवलं. म्हणाले, ‘ही बेलफास्ट. आता म्युझियम केलंय. टाउन क्लास क्रूझर. ग्लासगो हिचीच बहीण. बारा तोफा, सहा इंची. मोजा.’

अहो, पोरांनी खरंच मोजल्या! आणि समोर लेक मस्त दात काढून उभा!

बाईंचा चेहरा... काय सांगू. लाल म्हणावा तर लाल नाही, पांढरा म्हणावा तर पांढरा नाही. रिमोट हातात होता, पण बंद करायचं बटण सापडेना. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी सरळ वायरच काढली. वर म्हणतात कसे, ‘त्यात बेलफास्टचा काय दोष?’ आता ते खरंच आहे म्हणा. बेलफास्टने काय केलं होतं? आणि त्या पोराने तर काहीच केलं नव्हतं, बिचाऱ्याने फोटो काढला. पण त्या वेळी ते कोण ऐकून घेणार!

मला विचाराल तर माझं एकच म्हणणं आहे. त्या लाइटोलरला निदान विचारलं तरी. तो म्हणाला, मीच नेणार, आणि नेली. आज त्याची बोट रॅम्सगेटला जपून ठेवलीय, आपल्या सोसायटीतली माणसं तिच्याशेजारी उभी राहून सेल्फी काढतात. आमच्या प्रभावतीला कोणी विचारलं होतं? तिच्यावरच्या खलाशांना? आणि ते कोण असायचे ते काका सांगत होते. जुन्या नेव्हीत खालच्या हुद्द्यावर भरणा सगळा रत्नागिरीकडचा, त्यातही कोकणी मुसलमान जास्त, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरचे. आपल्या इथे त्या बोटीचं नाव तरी कोणाला ठाऊक होतं? एका आजीला. तीही चटणीबद्दल बोलते म्हणून कोणी लक्ष न देणारी आजी.

तर काय सांगत होते... हां, आजी!

आजींना मग चेवच आला. त्यांचं लग्न होऊन त्या पहिल्यांदा मुंबईला आल्या ते बोटीनेच. कोकणातली बोट म्हणजे काय, तुमच्या सासूबाईंना विचारा. मालवणला बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, लांब समुद्रात उभी राहायची. मग पडावात बसून जायचं, खाली लाटा, वर शिडी, आणि नऊवारी सावरत चढायचं. डेकवर पथारी टाकायची. शेजारी कोणाचे फणस, कोणाच्या पायात दोरी बांधलेल्या कोंबड्या, कोणाचं कुळथाचं गाठोडं. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, एकेक बंदर घेत घेत. आणि रत्नागिरी यायच्या आत निम्म्या डेकला बोट लागलेली. लिंबू हुंगत सगळ्या आडव्या. ‘आणि असल्या बोटींवर तोफ!’ आजी म्हणाल्या, ‘वर तोफ ठेवली म्हणून काय ती लढायेची झाली? माझ्या नाकात फुली घातली म्हणून मी काय न्हवरी झालंय आता?’

हसून हसून पुरेवाट झाली हो. नेव्हीकाकासुद्धा हसले. पहिल्यांदाच पाहिले मी त्यांचे दात.

मग आमचे खजिनदार उठले. ते जन्मभर सिंदिया जहाज कंपनीत होते, बॅलार्ड इस्टेटला, सिंदिया हाऊसमध्ये. त्यांना राहवेना. म्हणाले, आमची एल हिंद विसरलात का? ही एल हिंद म्हणजे सिंदियाची हजला जाणारी बोट. यात्रेकरूंची बोट हो! तीही नेव्हीने घेतली आणि किनाऱ्यावर सैन्य उतरवायच्या कामाला लावली. आणि गेली कुठे, तर शत्रूच्या तावडीत नाही, मुंबईच्या गोदीत. १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकिनचा स्फोट. त्या बोटीत कापूस आणि दारूगोळा एकत्र भरलेला, अक्कल बघा भरणाऱ्यांची! दुपारी चारच्या सुमारास तो भडका झाला, त्यात एल हिंदही जळाली. स्फोटाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सोन्याच्या विटेची, त्या पारशाच्या घरात छप्पर फोडून पडली आणि त्याने नेऊन परत दिली. मी तेवढ्यात आमच्या ह्यांना हळूच विचारलं, ‘तुम्ही दिली असती का हो?’ ह्यांनी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.

आणि खजिनदार काय एकदा सुरू झाले की! पण ही एक गोष्ट मात्र मला आवडली. म्हणे सगळ्याच बोटी काही वाईट गेल्या नाहीत. एम्प्रेस ऑफ इंडिया नावाचं एक मोठं जहाज होतं, कॅनडाहून जपानकडे जायचं. पहिल्या महायुद्धात १९१४ साली ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते विकत घेतलं आणि जखमी सैनिकांसाठी त्याचं हॉस्पिटल करून दिलं. नाव ठेवलं लॉयल्टी. आता संस्थानिकांनी इंग्रजाला लॉयल्टी नाही दाखवायची तर काय करायचं, ते असो. पण युद्ध संपल्यावर तेच जहाज वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी मंडळींनी घेतलं आणि ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला सोडलं, इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. शिंद्यांकडून घेतलं म्हणून कंपनीही सिंदिया. तोच दिवस अजून आपण नॅशनल मेरिटाइम डे म्हणून साजरा करतो. खजिनदार छाती फुगवून खाली बसले. सेक्रेटरीबाईंना वाटलं आता विषय बदलला, म्हणून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

बरं, हे झालं शनिवारचं. सोमवारी आमची गोराईची कोळीण आली, मासे घेऊन. मी बोंबील निवडता निवडता तिला सगळं सांगितलं. कोणाला सांगू नकोस म्हणून बजावलंय, पण तिने आतापर्यंत चारकोपपर्यंत पोचवलं असेल. तर ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, ‘ताई, त्यात नवीन काय? आमच्या मामेसासऱ्यांचा ट्रॉलर नव्हता का नेला?’

मी म्हटलं, कधी?

बॉम्बस्फोटांनंतर हो. त्र्याण्णवला. तो सगळा आरडीएक्स समुद्रातूनच आला होता ना, रायगडात शेखाडीला उतरवला. त्यानंतर सरकारने मच्छीमारांचे ट्रॉलर भाड्याने घेतले आणि त्यावरून गस्त सुरू केली, महाराष्ट्रापासून गुजरातपर्यंत. ऑपरेशन स्वान म्हणायचे. मी नेव्हीकाकांना विचारून खात्री केली हं, उगाच नाही सांगत. एका ट्रॉलरवर नेव्हीचे, कस्टमचे, पोलिसांचे असे सगळे मिळून. ती म्हणाली, ‘आमचा म्हातारा सांगायचा, निम्मे साहेब पहिल्या दिवशीच आडवे. वर्दी घातलेली, बंदूक बाजूला आणि तोंड पाण्याकडे. म्हातारा त्यांना कोकम पाजायचा.’ आजींच्या डेकवर लिंबू, ह्यांच्या ट्रॉलरवर कोकम. पोटाला काय, युनिफॉर्म कळतो थोडाच!

आणि मग ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, ‘आणि ते कुबेर?’ आता कुबेर म्हटल्यावर बोलायचं काय. तीही मच्छीमाराचीच बोट होती, पोरबंदरची. तीही कोणीतरी नेलीच, पण कोणी आणि कशाला... २००८ चा नोव्हेंबर. आपण सगळे टीव्हीपुढे बसलो होतो. मी तिला म्हटलं, बाई, बोंबील किती झाले ते सांग.

अहो, खिडकी लागली बघा वरची. म्हणजे ऐकत होत्या! असू दे. खोटं काय बोलले मी?

तर मुख्य राहिलंच. त्या रात्रीपासून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय चाललंय! सेक्रेटरीबाईंनी डीपीवर तोच टॉवर ब्रिजचा फोटो ठेवला होता. रविवारी सकाळी पाहते तर डीपीवर तुळस. मागे समुद्रही नाही, नदीही नाही. एकाने ग्रुपवर नुसतं लिहिलं, ‘बेलफास्ट?’ आणि डोळा मारल्याचं चित्र. तर सेक्रेटरीसाहेबांनी ग्रुप ‘फक्त ॲडमिन’ करून टाकला. आता पाणी किती वाजता जाणार तेही कळत नाही.

पण नेव्हीकाकांचं मला मात्र आश्चर्य वाटलं. इतकी वर्षं एकाहत्तरची गोष्ट सांगणारा माणूस, ही ठाऊक असून कधी बोलला नव्हता. मी विचारलंच हो जिन्यात. म्हटलं, काका, सांगितलं का नाहीत कधी? तर म्हणाले, ‘कार्यक्रमात जिंकलेलं सांगतात, वहिनी.’ आणि लिफ्ट आली. रोज सकाळी आता आजींजवळ उन्हाला बसतात, खुर्ची घेऊन. आजी त्यांच्याकडून बंदरांची नावं पाठ म्हणून घेतात, काका मुसाकाजी विसरले की काठीने खुर्चीचा पाय ठोकतात. निवृत्त चीफ! आणि मुकाट्याने ‘मुसाकाजी’ म्हणतात!

काल कमिटीची मीटिंग झाली. ह्यांनी आतून बातमी आणलीय. पुढच्या वर्षी नेव्ही डेला मुख्य वक्त्या म्हणून आजींना बोलवायचं, असा ठराव खजिनदारांनी मांडला. सेक्रेटरीसाहेबांना ‘अनुमोदन’ म्हणावं लागलं, काय करणार, सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मग दोघे गेले आजींना निरोप द्यायला. आजींनी ऐकून घेतलं. वर छताकडे बोट दाखवलं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं लीकेज, अहो, पावसाळ्यापासून गळतंय. वरचा फ्लॅट कोणाच्या मेहुण्याचा आहे ते मी सांगायला नको.

म्हणाल्या, ‘पयला ह्या बंद करा. मगे सांगतंय बोटीचा.’

आज सकाळीच प्लंबर आलाय.